हलू नका!

आमच्या लग्नाला सत्तावीस वर्षं झाली. त्यातली निदान वीस वर्षं मी समोरच्या माणसांना ‘हलू नका’ असं बजावून फोटो काढले आणि फोटो धुऊन आले की ‘कितीदा सांगितलं, तरी हललातच’ म्हणून त्यांच्यावरच खेकसले. मराठी भाषा यात माझ्या बाजूने होती. आपल्याकडे फोटो ‘हलतो’. दूध उतू जातं, कप फुटतो, तसा फोटो हलतो. कुणी हलवला, हे वाक्यात यावंच लागत नाही.

माझ्या हातांवर संशय घेण्याचं काही कारणही नव्हतं. सुईत दोरा मी पहिल्या फटक्यात ओवते. उकळत्या चहाचं पातेलं सांडशीत धरून सात कप भरते, बशीत थेंब पडत नाही. असले हात हलतील कसे?

ते अजिंठ्याला कळलं. २००९ साली आम्ही सगळे गेलो होतो, नवीन घेतलेला छोटा डिजिटल कॅमेरा माझ्या गळ्यात. पहिल्या क्रमांकाचं लेणं. चपला बाहेर, फ्लॅशला बंदी, आत मिणमिणता उजेड. आणि त्या उजेडात भिंतीवरच्या चित्रातला तो बोधिसत्त्व पद्मपाणी, मान किंचित कललेली, हातात नीलकमळ. मी ओळीने अकरा फोटो काढले. संध्याकाळी खोलीवर बघितले, तर प्रत्येक फोटोत दोन-दोन पद्मपाणी, एकाच्या मागे एक, रेशनच्या रांगेत उभे राहिल्यासारखे. एका फोटोत कमळं अडीच.

मुलगा शांतपणे म्हणाला, “आई, हा माणूस दीड हजार वर्षं हललेला नाही. आता तरी कबूल कर.”

मग त्याने माझी शिकवणीच घेतली. कमी उजेडात कॅमेरा आपली झडप जास्त वेळ उघडी ठेवतो आणि तेवढ्या वेळात हात जरा जरी सरकला, तरी ते सरकणं फोटोत उमटतं. जितका झूम, तितकी थरथर मोठी. जुना ठोकताळा असा, की लेन्स १०० मिलिमीटरची (हे झूमचं माप) असेल तर झडप निदान १/१०० सेकंदात मिटायला हवी. आमचा कॅमेरा लेण्यात १/८ सेकंद उघडा राहत होता. त्यात भर म्हणून मी बटण दारावरची बेल दाबावी तसं दाबत होते.

माझा जुना रोलचा कॅमेरा डोळ्याला लावावा लागे, म्हणजे तो कपाळ आणि नाक यांच्यावर टेकलेला असे. हे माझे जन्मजात दोन स्टँड. नव्या कॅमेऱ्याला डोळा लावायला भोकच नाही. पडद्यावर बघायचं म्हणून दोन्ही हात लांब करून, आरतीचं ताट धरल्यासारखं उभं राहायचं. एवढ्या लांब धरलेलं काहीही थरथरणारच.

दुकानात गेलो. तिथल्या पोराने ‘काकू, याच्यात स्टॅबिलायझेशन आहे’ असं सांगून एक कॅमेरा पुढे केला. दुसरा तसाच, पण स्टॅबिलायझेशन नसलेला, दीड हजाराने स्वस्त. एका कंपनीचं आयएस, दुसरीचं व्हीआर, तिसरीचं ओआयएस. काम एकच, नावं सासर-माहेरसारखी वेगळी. आतली करामत मात्र मला आवडली. कॅमेऱ्यात एक इवलासा जायरोस्कोप असतो. हात डावीकडे गेला की त्याला कळतं आणि लेन्समधलं एक भिंग (काही कॅमेऱ्यांत खुद्द सेन्सरच) तेवढंच उलट दिशेला सरकतं. डोक्यावर भरली घागर घेऊन चालणारी बाई आठवा. पाय दगडधोंड्यांतून चाललेत, कंबर सगळं सावरून घेतेय, वर पाणी हिंदकळत नाही. निकॉनने १९९४ सालीच एका रोलच्या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यात ही सोय दिली होती, म्हणजे माझा निम्मा अल्बम वाचू शकला असता.

पोराने आणखी एक ‘डिजिटल’ स्टॅबिलायझेशनवाला स्वस्त कॅमेरा दाखवला. त्याला बळी पडू नका. त्यात सरकत काहीच नाही, कॅमेरा फक्त आयएसओ, म्हणजे उजेड टिपायची संवेदनशीलता, वाढवून झडप लवकर मिटतो. फोटो हलत नाही, पण माणसांच्या गालांवर रवा भुरभुरल्यासारखा दिसतो.

नवऱ्याचं मत पडलं, “आपल्याला काय करायचंय ते? आपण काय प्रदर्शन भरवणार आहोत?” मला हे पटत नाही. प्रदर्शन भरवणारा माणूस तिपाई उघडून बसतो, श्वास धरतो, एका फोटोला अर्धा तास देतो. हलण्यावर औषध हवं ते आमच्यासारख्यांना, ज्यांच्या एका हातात कॅमेरा, दुसऱ्या हातात पर्स आणि खांद्यावर पोराचं स्वेटर असतं. घेतला. तीन स्टॉपचा फायदा म्हणजे आठपट वेळ हात टिकतो, असं दुकानातला पोरगा म्हणाला. मी मनातल्या मनात पद्मपाणीला ‘येते पुन्हा’ म्हटलं.

त्याआधी गणपती आले. आरतीच्या वेळी मी दिवाणखान्यातली ट्यूब बंद केली, नुसत्या निरांजनांच्या आणि समयांच्या उजेडात, फ्लॅशशिवाय, आता कशाला घाबरायचं? धडाधड चाळीस फोटो काढले.

असले स्पष्ट फोटो आमच्या घरात कधी आले नव्हते. गणपतीच्या सोंडेवरची नक्षी स्पष्ट. मखराला टोचलेल्या टाचण्या मोजता येत होत्या. मागच्या कॅलेंडरवर मी दुधाच्या खाड्यांच्या मारलेल्या फुल्यासुद्धा दिसत होत्या. फक्त माणसं नव्हती. म्हणजे होती, पण धुरासारखी. टाळ्या वाजवणाऱ्या नणंदेला चार हात. झांजा वाजवणारा भाचा तर पार विरघळलेला, नुसता एक केशरी फराटा आणि खाली मोजे. आणि ताट ओवाळणाऱ्या यजमानांच्या चेहऱ्याच्या जागी ज्योतींची वर्तुळं.

मुलगा म्हणाला, “ते तुझा हात सावरतं, आई. भाच्याला कोण सावरणार?”

म्हणजे माझं वीस वर्षांचं ‘हलू नका’ अगदीच वाया गेलेलं नव्हतं. निम्मं खरं होतं. पोरं, कुत्री, झांजा आणि नणंदा यांच्यासाठी उजेडच लागतो. ट्यूब लावा, खिडकीपाशी न्या. आणि जे आपसूक स्थिर आहे, त्याच्यासाठी दीड हजार नसले तर भिंतीला टेका, कोपरं बरगड्यांना चिकटवा, नाहीतर टेबलावर एक किलो तूरडाळीची पिशवी ठेवून तिच्यात कॅमेरा रुतवा आणि दोन सेकंदांचा टायमर लावा. त्या डाळीची दुसऱ्या दिवशी आमटीही होते. फक्त अजिंठ्याला हे चालत नाही. तिथे भिंत म्हणजेच चित्र, टेकणार कुठे? तिथे ते आतलं सरकणारं भिंगच खरं.

चाळीस फोटोंत एकच माणूस स्पष्ट आला होता. सासूबाई. वय ब्याऐंशी, गुडघ्यांमुळे खुर्चीत बसलेल्या, डोळे मिटलेले, हात जोडलेले. समईचा उजेड नेमका एका गालावर. इरकलीच्या काठाची वीणसुद्धा दिसत होती.

त्यांना दाखवला. त्यांनी चष्मा पुसला, कॅमेरा जवळ घेतला, लांब धरला, पुन्हा जवळ घेतला.

“चांगला आलाय गं. हाच लावा माझा, नंतर.”

“आई, काहीतरी काय बोलता!”

“बोलते काय, सांगून ठेवते. आणि हार जरा आखूड घाला. काठ झाकला जातो.”