सागरप्रेमी यांच्या प्रतिक्रियेला उत्तर: नर्सने का लिहू नये?

सागरप्रेमी, नमस्कार.

एरवी मी प्रतिक्रियांना दोन ओळींत उत्तर देते. तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली आणि झोप लागली नाही, म्हणून हे सविस्तर. मूळ लेख ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी सांगते. ‘जहाजावर छातीत दुखलं तर’ हा लेख मी गेल्या महिन्यात लिहिला. क्रूझवर कोणी गंभीर आजारी पडलं तर पुढे काय होतं, हेलिकॉप्टर कधी येतं, कधी येत नाही आणि तिकीट काढण्याआधी काय विचारून घ्यावं, एवढाच त्याचा विषय. किनाऱ्यापासून दोनशे सागरी मैलांचा उल्लेख त्यातच होता. त्यावर तुम्ही लिहिलंत ते जसंच्या तसं देते:

“मॅडम, निवृत्त माणसं आयुष्यभर पैसे साठवून एकदा क्रूझला जातात. त्यांना घाबरवून तुम्हाला काय मिळतं? मुंबई-गोवा जहाज किनाऱ्याच्या कडेनेच जातं, तिथे तुमचे दोनशे मैल कुठून आले? आणि सागरी मैल म्हणजे १.६ किमी नव्हे. कायद्याने प्रत्येक जहाजावर डॉक्टर असतोच. नॉर्वेत हेलिकॉप्टरने शेकडो लोक उचलले, एक पेशंट काय जड आहे? जहाजावर पट्ट्या बांधणाऱ्या नर्सने इव्हॅक्युएशनच्या निर्णयांवर पांडित्य करू नये, ते डॉक्टर आणि कॅप्टनवर सोडावं.”

आधी जे बरोबर आहे ते मान्य करते. सागरी मैल १.८५२ किमीचा असतो. मी १.६ लिहिलं, ती माझी चूक. रस्त्यावरचा मैल डोक्यात होता. म्हणजे दोनशे सागरी मैल ३२० किमी होत नाहीत, ३७० होतात. अंतर वाढलंच, कमी झालं नाही, हेही लक्षात घ्या.

आता तुमचं शेवटचं वाक्य. बाकी सगळं मी एकवेळ सोडून दिलं असतं. पण ‘पट्ट्या बांधणाऱ्या नर्सने’ हे शब्द तुम्ही टोपणनावाआड बसून लिहिलेत. माझ्या प्रत्येक लेखाखाली माझं नाव असतं.

मी मुंबईतल्या एका सरकारी रुग्णालयात शिकले आणि तिथल्याच कॅज्युअल्टीत सहा वर्षं काढली. नाइट ड्युटीला एका वेळी चार-चार पेशंट दारात आणि आत एकच रेसिडेंट डॉक्टर, तोही छत्तीस तास न झोपलेला. दारात आलेल्या माणसाकडे बघून ‘याला आधी आत घ्या’ असं कोण म्हणत होतं? स्ट्रेचर ओढणारे मामा आणि आम्ही सिस्टर. त्यानंतर नऊ वर्षं मी क्रूझ जहाजांवर नर्स होते. पट्ट्याही बांधल्या, त्याची मला लाज नाही. पण जहाजावर रात्री मेडिकल सेंटरचा इमर्जन्सी फोन वाजतो तेव्हा तो बहुतेक ठिकाणी ड्युटीवरची नर्स उचलते. बॅग घेऊन केबिनकडे धावते ती, पहिला ईसीजी काढते ती आणि डॉक्टरला झोपेतून उठवायचं की नाही हे ठरवते तीही. इव्हॅक्युएशनचा, म्हणजे पेशंटला जहाजावरून हलवण्याचा, निर्णय ब्रिजवर (जहाज चालवतात त्या खोलीत) कॅप्टनसमोर होतो हे खरं. पण तो ज्या माहितीवर होतो, ती माहिती केबिनमध्ये गोळा होते.

एक प्रसंग सांगते. कंपनी, जहाज, साल काहीच सांगणार नाही. नेपल्स सोडून आम्ही स्पेनकडे निघालो होतो. पहाटे साडेचारला फोन आला. आपल्याच पश्चिम उपनगरातलं जोडपं, काका सत्तरीच्या आसपासचे. मी गेले तर काका पलंगाच्या कडेला बसलेले, घामाने बनियन ओलं, काकू पाठीवर हात फिरवतायत. टेबलावर इनोची दोन रिकामी पाकिटं आणि वाटीत ओवा. डॉक्टर दक्षिण आफ्रिकेचे, फार चांगले. त्यांनी इंग्रजीत विचारलं, कधीपासून दुखतंय? काका म्हणाले, अर्धा तास. ईसीजी बघितल्यावर मला ते पटेना. मी मराठीत विचारलं, “काका, खरं सांगा, जेवताना दुखत होतं का?” काका गप्प. काकू रडायला लागल्या. रात्री नऊपासून दुखत होतं. गॅस झालाय म्हणून ओवा चावला, कॉरिडॉरमध्ये फेऱ्या मारल्या. फोन केला नाही, कारण जहाजावरच्या दवाखान्याचं बिल डॉलरमध्ये केबिनच्या खात्यावर चढतं, हे त्यांना जेवणाच्या टेबलावर कोणीतरी सांगितलं होतं.

अर्धा तास आणि साडेसात तास, या दोन उत्तरांत माणसाचं हृदय असतं. जहाजावर कॅथलॅब, म्हणजे हृदयाच्या बंद झालेल्या रक्तवाहिन्या उघडण्याची खोली, नसते. अँजिओप्लास्टी तिथे होत नाही. गुठळी विरघळवणारं औषध मात्र असतं. ते दुखणं सुरू झाल्यापासून बारा तासांच्या आत द्यायचं आणि जितकं लवकर तितकं उपयोगी. अर्ध्या तासाचं दुखणं असतं तर औषधावर भिस्त ठेवता आली असती. साडेसात तासांनंतर त्या औषधाची ताकद बरीच कमी झालेली असते आणि ते चाललं नाही तर कॅथलॅब गाठावीच लागते. म्हणजे किनारा किती लवकर गाठायचा हा प्रश्नच बदलला. डॉक्टरांनी औषध दिलं आणि कॅप्टनना खरी वेळ कळवली. कॅप्टननी किनाऱ्यावरच्या बचाव केंद्राशी बोलून हेलिकॉप्टरचा विचार केला. वारा खूप होता. शिवाय हे औषध दिलेल्या माणसाला कुठेही आपटलं तरी रक्तस्राव होऊ शकतो. शेवटी जहाज सार्डिनियाच्या एका बंदराकडे वळवलं. धक्क्यावर अँब्युलन्स उभी होती. काका वाचले.

आता सांगा, साडेसात तास हे कोणी काढून घेतलं? डॉक्टरांनी नाही, कॅप्टननी नाही. हे मी मोठेपणासाठी सांगत नाही, पण तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

आणि उलट बाजूही मला माहीत आहे. अमेरिकेत १९८८च्या एका निकालानंतर बरीच वर्षं न्यायालयं म्हणत आली की जहाजावरच्या वैद्यकीय चुकीसाठी प्रवाशाला क्रूझ कंपनीला जबाबदार धरता येत नाही. २०१४ साली तिथल्या अकराव्या सर्किटच्या (फ्लोरिडा आणि शेजारच्या राज्यांसाठीच्या) अपील न्यायालयाने हे मानायला नकार दिला. त्या खटल्यात बर्म्युडाला बंदरावर पडून डोक्याला मार लागलेले एक वृद्ध प्रवासी होते, आणि आरोप असा होता की जहाजावरच्या नर्सने त्यांना तपासून, फार काही नाही म्हणून केबिनमध्ये पाठवलं. पुढे त्यांचा मृत्यू झाला. मी तो निकाल वाचला तेव्हा माझ्या पोटात गोळा आला होता. नर्सची चूक माणसाच्या जिवावर बेतते असं न्यायालयात मांडलं जातं. मग नर्सने या विषयावर बोलू नये हा न्याय कुठला? मालवाहू जहाजांवर तर बहुधा डॉक्टरही नसतो, नर्सही नसते. तिथे एखादा मेट, म्हणजे कॅप्टनच्या हाताखालचा अधिकारी, किनाऱ्यावरच्या डॉक्टरला रेडिओवर विचारून इंजेक्शन देतो. रोममधलं केंद्र हे काम १९३५पासून करतंय. त्या मेटलाही तुम्ही पांडित्य करू नको म्हणाल का?

नॉर्वेचं उदाहरण तुम्ही दिलंत. मला वाटतं तुम्ही फक्त व्हिडिओ पाहिलात. ‘व्हायकिंग स्काय’ २३ मार्च २०१९ला हुस्टाडव्हिकाजवळ वादळात बंद पडलं. जहाजावर १,३७३ माणसं, त्यातली ४७९ हेलिकॉप्टरने उचलली. जहाज किनाऱ्याच्या अगदी जवळ होतं, एकामागून एक हेलिकॉप्टरं येत होती, माणसं एकेक करून वर घेतली जात होती आणि तरी रात्र उलटून दुसरा दिवस उजाडला. उरलेले लोक शेवटी जहाजानेच मोल्डे बंदरात गेले. भर समुद्रात असलेल्या हार्टच्या एका पेशंटचा आणि याचा काय संबंध?

मी तीन वेळा विंचखाली, म्हणजे हेलिकॉप्टरमधून सोडलेल्या दोराखाली, उभी राहिले आहे. उघडे डेक रिकामे करतात, खुर्च्या, टॉवेल, छत्र्या, उडण्यासारखं सगळं बांधतात. प्रवाशांना फ्लॅश मारू नका असं सांगतात, कारण पायलटचे डोळे दिपतात. खाली येणारा हुक आधी डेकला टेकू द्यायचा, तोवर त्याला हात लावायचा नाही, नाहीतर साचलेल्या विजेचा झटका बसतो. हे सगळं चालू असताना पेशंटच्या छातीवर प्लॅस्टिकच्या पिशवीत पासपोर्ट, ईसीजी, औषधांची यादी चिकटवून मी त्याचा हात धरून उभी असते, कारण त्या आवाजात त्याला माझं बोलणं ऐकू येत नाही. आणि त्याच्या बायकोला बहुतेक वेळा वर घेत नाहीत. वजन, इंधन, जागा. ती डेकच्या दारातून बघत राहते. डॉक्टर म्हणतो गरज आहे, कॅप्टन जहाज कसं धरायचं ते बघतो, बचाव केंद्रातला डॉक्टर जोखीम तोलतो आणि शेवटचा शब्द पायलटचा. यातल्या एकानेही नाही म्हटलं तर हेलिकॉप्टर येत नाही. जायचं, वर थांबून राहायचं आणि परत यायचं एवढं इंधन टाकीत मावलं नाही तरीही येत नाही. हेलिकॉप्टर म्हणजे १०८ नव्हे, हे वाक्य मी लेखात लिहिलं होतं, ते पुन्हा लिहिते.

घाबरवते म्हणालात. अटलांटिक ओलांडताना एक गृहस्थ नाश्त्याच्या टेबलावर बोलता बोलता थांबले. तोंड वाकडं, उजवा हात लुळा. पक्षाघातातही गुठळी विरघळवणारं औषध देतात, साधारण साडेचार तासांच्या आत. पण आधी सीटी स्कॅन करून मेंदूत रक्तस्राव झालेला नाही ना, हे बघावं लागतं. रक्तस्राव असताना ते औषध दिलं तर माणूस जातो. आमच्या जहाजावर सीटी स्कॅन नव्हता. औषध फ्रीजमध्ये होतं आणि देता येत नव्हतं. हेलिकॉप्टरच्या टप्प्याबाहेर होतो. कॅप्टननी जहाज कॅनरी बेटांकडे मागे वळवलं, पंधरा तास लागले. ते गृहस्थ माझ्याकडे बघून काहीतरी सांगायचा प्रयत्न करत होते, आणि ते काय होतं हे मला आजही माहीत नाही. हे वाचून कोणी आपल्या बीपीच्या गोळ्या नीट मोजून बॅगेत भरल्या, तर त्याला मी घाबरवणं म्हणत नाही.

डॉक्टरच्या कायद्याबद्दल. सागरी कामगार करार २००६चा नियम आहे तो शंभर किंवा जास्त माणसं असलेल्या, तीन दिवसांहून लांबच्या आंतरराष्ट्रीय फेऱ्या करणाऱ्या जहाजांचा, आणि तोही मुळात खलाशांसाठी. भारताने २०१५मध्ये तो करार स्वीकारला. ‘प्रत्येक जहाजावर’ असं त्यात कुठेही नाही. म्हणून ‘तिकीट काढताना विचारा’ असं मी लिहिलं होतं. तुम्ही तिथपर्यंत वाचलं नसावं.

मुंबई-गोवा किनाऱ्याच्या कडेने जातं, हो, जातं. रात्री डावीकडे रत्नागिरीचे दिवे दिसले म्हणून रत्नागिरीचं हॉस्पिटल जवळ आलं असं होत नाही. माझे वाचक काही फक्त गोव्याला जात नाहीत, लक्षद्वीपला जातात, भूमध्य समुद्रात जातात. आपल्याकडे तटरक्षक दलाचं बचाव समन्वय केंद्र मुंबईतच आहे, १५५४ हा त्यांचा क्रमांक, आणि ४६ लाख चौरस किमी समुद्राची जबाबदारी भारतावर आहे. त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे. म्हणूनच त्यांना कोणी टॅक्सी समजू नये असं वाटतं.

निवृत्त लोकांच्या पैशांचं तुम्हाला वाईट वाटतं, मलाही वाटतं. त्या काकू धक्क्यावर दोन बॅगा घेऊन उतरल्या, तेव्हा त्यांच्याकडे काकांचं एक कार्ड होतं आणि त्याचा पिन त्यांना माहीत नव्हता. भाषा मराठी आणि थोडी हिंदी. इथला मेडिक्लेम तिथे चालणार नव्हता, प्रवासविमा काढलेला नव्हता. पोर्ट एजंट, म्हणजे बंदरावर जहाजाची कामं बघणारा, भला माणूस होता, पण त्याला तिसऱ्या जहाजाकडे जायचं होतं. मी एका कागदावर मराठीत आणि समोर इंग्रजीत दहा वाक्यं लिहून दिली: छातीत दुखतंय, चक्कर येतेय, मुलाला फोन लावून द्या. एवढंच करता आलं. तासाभरात जहाज सुटलं. त्या कागदावरूनच मी तो मूळ लेख लिहायला घेतला होता.

सागरी मैलाची दुरुस्ती आज सकाळी लेखात केली आहे, खाली तारीखही टाकली आहे. तुमची प्रतिक्रिया काढणार नाही. पुढची लिहाल तेव्हा स्वतःच्या नावाने लिहा, म्हणजे मलाही तुम्हाला नावाने उत्तर देता येईल.