शंका आली की न्यायाधीश बदलायचा? एका प्रतिक्रियेला उत्तर

न्या. अरुण मिश्रा यांनी ऑक्टोबर २०१९ मध्ये भूसंपादनाच्या घटनापीठातून बाजूला व्हायला नकार दिला, तो मी योग्य म्हटला. त्यावर तुमचा आक्षेप: पक्षकाराच्या मनात शंका आली की विषय संपला, रणजित ठाकूर निकाल वाचा.

वाचू या. ठाकूर लष्करात सिग्नलमन होते. अधिकाऱ्याविरुद्धची तक्रार त्यांनी परस्पर वर पाठवली, म्हणून त्याच अधिकाऱ्याने त्यांना २८ दिवसांची शिक्षा ठोठावली. ती भोगताना जेवायचा हुकूम त्यांनी मानला नाही. कोर्टमार्शल झालं आणि न्याय करायला तोच अधिकारी बसला! वर्षभर सक्तमजुरी, वर बडतर्फी. सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये हे सगळं रद्द केलं. पक्षकाराला काय वाटतं ते पाहा, असं न्यायालय म्हणालं हे खरं. पण ते वाटणं रास्त हवं, हेही तिथेच आहे. ठाकूरांकडे रास्त कारण होतं.

मिश्रांचं काय? मोबदला नुसता सरकारी तिजोरीत भरला म्हणजे जमीनमालकाला दिला असं होत नाही, असं पुणे महापालिकेच्या प्रकरणात २०१४ मध्ये ठरलं होतं. २०१८ मध्ये मिश्रांच्या पीठाने ते चुकीचं ठरवलं. मग प्रश्न पाच न्यायमूर्तींच्या त्या घटनापीठापुढे गेला, तिथेही मिश्राच प्रमुख; त्यांनी बाजूला व्हावं ही मागणी यातूनच आली. २०१८चा तो निकाल मला मुळीच पटलेला नाही. पण कायद्याबद्दल आधी मत दिलं म्हणून न्यायाधीश बाद होणार असेल, तर फेरविचार याचिकांचं काय करायचं? त्या शक्यतो त्याच न्यायमूर्तींकडे जातात. शिवाय नको ते नाव पीठावरून उडवायची सोय बड्या पक्षकारांना आयतीच मिळेल.

मला घोर लागतो तो उलट्या प्रकाराचा: कारण न सांगता बाजूला होण्याचा. त्याच सुमारास मानवी हक्क कार्यकर्ते गौतम नवलखा यांची याचिका सर्वोच्च न्यायालयात होती. एल्गार परिषद प्रकरणातला गुन्हा रद्द करायला मुंबई उच्च न्यायालयाने नकार दिला होता आणि अटकेपासूनचं तीन आठवड्यांचं संरक्षण संपत आलं होतं. आधी सरन्यायाधीश गोगोई बाजूला झाले, मग तिघांचं पीठ, मग न्या. रवींद्र भट. चार दिवसांत पाच न्यायमूर्ती, आणि कारण एकानेही सांगितलं नाही.

बाजूला होताना निदान ढोबळ कारण तरी द्यावं, असं न्या. कुरियन जोसेफ यांनी २०१५ मध्येच, न्यायिक नियुक्ती आयोगाच्या प्रकरणात लिहून ठेवलं होतं. मिश्रांनी नकाराची कारणं लेखी दिली, म्हणून तुम्ही आज ती खोडून काढू शकता. त्या पाच जणांचं तुम्ही काय खोडणार?