रोलर, कोरा कागद आणि तेलरंग : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे रोलरने तेलरंग पसरत आणि कागदाच्या तुकड्यांनी तो उचलत, त्या तंत्रावरच्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. तुमचे आक्षेप तीन आहेत. लेख वाचून तुम्ही कॅनव्हासवर ॲक्रिलिक रंग लावला, त्यावर वर्तमानपत्राचे फाडलेले तुकडे दाबले, पण ते निघालेच नाहीत. ओढले तर फाटले. म्हणून लेखातली माहिती वरवरची आहे, हा पहिला. रंग लावायचा आणि कागदाने तो उचलायचा, यात चित्रकाराचं कसब कुठे, हा दुसरा. आणि सारखी माध्यमं बदलणारा चित्रकार आपलं कच्चं ड्रॉइंग लपवत असतो, हा तिसरा. पहिल्याचं उत्तर सगळ्यात मोठं होणार आहे, कारण खरी गोष्ट तिथेच आहे.

लेखात तेलरंग म्हटलं होतं आणि ते सहज म्हटलेलं नव्हतं. ॲक्रिलिक म्हणजे पाण्यात तरंगणारे प्लास्टिकचे अतिसूक्ष्म कण. पाणी गेलं की ते कण एकमेकांना बिलगतात आणि सलग पापुद्रा तयार होतो. तुम्ही त्यावर वर्तमानपत्र ठेवलंत तेव्हा कागदाने आधी पाणीच शोषलं, म्हणजे पापुद्रा जिथे कागद टेकला होता तिथेच सगळ्यात लवकर धरला. ॲक्रिलिक हा मुळात उत्तम डिंक आहे, कोलाज, म्हणजे कागदाचे तुकडे चिकटवून चित्र, करणारे त्याचा तसाच वापर करतात. तुमच्या हातून अजाणता कोलाज झालं.

तो कॅनव्हास फेकू नका. कागद पाण्याने भिजवा, दहा मिनिटं मुरू द्या आणि बोटाच्या पेराने गोल गोल चोळत लगदा काढा. सगळा निघाल्यासारखा वाटेल, पण सुकल्यावर त्या जागी पांढुरकी साय दिसेल. ते उरलेले तंतू. ओले असताना ते पारदर्शक होतात म्हणून दिसत नाहीत. पुन्हा भिजवून चोळा, असं दोन-तीनदा. तरीही थोडी साय राहिली तर वरून मॅट मीडियमचा (चमक नसलेल्या पारदर्शक ॲक्रिलिकचा) पातळ हात द्या, ती पुष्कळशी बुजते. वर्तमानपत्राची शाई कधी कधी रंगात उतरून राहते, अक्षरं उलटी दिसतात. ती हवी असतील तर ठेवा.

ॲक्रिलिकमध्येच रंग उचलायचा असेल तर कागदाऐवजी पॉलिथिनचा तुकडा घ्या, तो पाणी शोषत नाही आणि चिकटतही नाही. रिटार्डर, म्हणजे सुकणं लांबवणारं द्रव्य, घातलं तर वेळ थोडा वाढतो, पण बाटलीवर दिलेल्या प्रमाणापेक्षा जास्त घातलंत तर थर कित्येक दिवस चिकचिकीत राहील. हवामानही धरा. मे महिन्यात नागपूरला तुम्हाला मिनिट-दोन मिनिटंच मिळतील, पावसाळ्यात कोकणात बरीच जास्त.

आता तेलरंग. जवसाचं तेल पाण्यासारखं उडून जात नाही. ते हवेतला प्राणवायू घेऊन हळूहळू घट्ट होतं, आणि त्याला तास नव्हे, दिवस लागतात. म्हणून कागद टेकवायला, उचलायला, पुन्हा टेकवायला सवड मिळते. पुढची कृती त्या तत्त्वावरची आहे, गायतोंडे यांची म्हणून देत नाही.

कॅनव्हासवर गेसोचे, म्हणजे पांढऱ्या अस्तराचे, तीन हात द्या, प्रत्येक हात सुकल्यावर बारीक पॉलिश पेपरने घासा. खरखरीत विणीचा कॅनव्हास असेल तर रंग खळग्यांत बसतो आणि कागदाला फक्त उंचवट्यांवरचा मिळतो, सगळीकडे जाळी उमटते. मग टर्पेंटाइनने पातळ केलेल्या मध्यम छटेचा पहिला थर द्या आणि तो पूर्ण सुकू द्या. अंबर (मातकट तपकिरी रंग) असेल तर एक-दोन दिवसांत हाताला लागत नाही, कारण त्यातलं मँगनीज तेलाला लवकर सुकवतं. टायटॅनियम व्हाइट, कॅडमियम आणि आयव्हरी ब्लॅक मात्र आठवडाभरही ओले राहू शकतात. अर्धवट सुकलेल्या थरावर काम केलं तर कागद वरच्याबरोबर खालचा रंगही खेचून आणतो, आणि बहुतेकांचं काम इथेच बिघडतं.

दुसरा थर गडद. ट्यूबमधल्या रंगाच्या दहा भागांना जवसाच्या तेलाचा साधारण एक भाग, टर्पेंटाइन जवळपास नाही. काचेवर रबरी रोलरने रंग पसरवा आणि कान द्या. रंग जास्त असेल तर रोलर पचपचतो. बरोबर झाला की एकसारखी बारीक चरचर येते. छापचित्रं करणारे शाई याच आवाजावर ओळखतात. तसा पातळ थर कॅनव्हासवर फिरवा.

कागद कोरा न्यूजप्रिंट, म्हणजे वर्तमानपत्राचा न छापलेला कागद, घ्या आणि कात्री लावू नका. फाडलेल्या कडेचे तंतू विरळ होत जातात, त्यामुळे उमटणारी कड मऊ येते. न्यूजप्रिंट एका दिशेने सरळ फाटतो, आडव्या दिशेने वाकडातिकडा, दोन्ही कडा उपयोगाच्या आहेत. तुकडा ठेवून कोरड्या रोलरने किंवा चमच्याच्या पाठीने दाबा, अर्ध-एक मिनिट थांबा आणि एका कोपऱ्यापासून, कागद जवळजवळ कॅनव्हासला समांतर ठेवून, न थांबता उचला. मध्ये हात थबकला तर तिथे रेघ पडते. त्याच जागी दुसरा कोरा कागद लावला तर आणखी थोडा रंग निघतो आणि खालची छटा आतून उजळल्यासारखी वर येते. गायतोंडे यांच्या कॅनव्हासमधला उजेड लावलेल्या पांढऱ्याचा कमी आणि काढलेल्या रंगाचा जास्त आहे, असं माझं ठाम मत आहे.

रंग जाड राहिला तर कागद उचलताना झाडाच्या फांद्यांसारखी नक्षी उमटते. दाट द्रवात हवा घुसते तेव्हा ती सरळ पुढे जात नाही, बोटं फुटत जातात. अतिवास्तववादी चित्रकार ऑस्कर दोमिंगेझने १९३०च्या दशकात गॉशमध्ये (अपारदर्शक जलरंगात) आणि माक्स अर्न्स्टने नंतर तेलरंगात हीच नक्षी मुद्दाम मिळवली. ती फार लवकर डोळ्यांत भरते आणि सगळं चित्र सारखंच दिसू लागतं. ती टाळायची असेल तर थर आणखी पातळ करा.

लंडनच्या स्लेड शाळेत हेन्री टाँक्स, मूळचे शल्यविशारद, दिवसअखेर चित्रावरचा जादा रंग कागदाने टिपून घ्यायला शिकवत. इंग्रजीत त्या क्रियेला त्यांचंच नाव पडलं. तिथे ती दुसऱ्या दिवशीच्या कामाची तयारी होती. गायतोंडे यांच्याकडे ते कामच झालं.

यातून दुसऱ्या आक्षेपाचं उत्तर निघतं. कागद किती वेळ ठेवायचा, कुठला रंग किती सुकलेला हवा, कुठे थांबायचं, हे निर्णय आहेत, आणि ते ब्रशच्या फटकाऱ्याइतकेच हाताचे आहेत. योगायोग कागदाच्या एका तुकड्याखाली काही सेंटिमीटर घडतो. तो ठेवायचा की त्यावर पुन्हा रोलर फिरवायचा, हे चित्रकारच ठरवतो. गायतोंडे वर्षाकाठी मोजकीच चित्रं पुरी करत. योगायोगावर चालणाऱ्या माणसाच्या चित्रांची संख्या इतकी कमी राहत नाही.

ड्रॉइंगबद्दल तुम्ही जे म्हणता ते काही चित्रकारांच्या बाबतीत खरं असेल, गायतोंडे यांच्या बाबतीत नाही. १९४८ साली ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून पदविका घेऊन बाहेर पडले, सुरुवातीच्या चित्रांत माणसं आहेत, लघुचित्रांचा अभ्यास आहे, स्विस-जर्मन चित्रकार पाउल क्लेची रेषा आहे. रोलर त्यानंतर आला. ऐंशीच्या दशकातल्या अपघातानंतर मोठे कॅनव्हास जमेनात, तेव्हा ते कागदावर शाईने काम करू लागले, आणि त्या चित्रांत लपायला एकही थर नाही. चित्रकार प्रभाकर बरवे यांनी एनॅमल (दारं-खिडक्यांना लावतात तो चकचकीत रंग) घेतला तेव्हाही असंच. तो रंग आपोआप सपाट पसरतो, ब्रशची खूण ठेवत नाही, आणि बरव्यांच्या स्वच्छ कडांच्या आकारांना तेच हवं होतं. जाड लावला की वरची साल आधी धरते आणि सुरकुत्या पडतात, म्हणून त्याला शिस्त लागते. माध्यम बदललं की चुकांचे प्रकार बदलतात, सूट मिळत नाही.

तुम्ही शेवटी विचारलंत की झालेल्या ॲक्रिलिकवर आता तेलरंग चालेल का. चालेल, ॲक्रिलिक नीट सुकलेलं असलं आणि फार गुळगुळीत नसलं तर. उलट करू नका. तेलरंगावर ॲक्रिलिक धरत नाही, पुढेमागे पापुद्रे सुटतात. कागदाने तेल शोषलेल्या जागा सुकल्यावर निस्तेज दिसतील. तिथे जवसाचं तेल अगदी थोडं चोळून लगेच कापडाने पुसून काढा, मग पुढचा थर द्या, आणि त्यात तेल आधीच्यापेक्षा थोडं जास्त ठेवा. उचलताना रंग हाताला भुकटीसारखा लागत असेल तर कागदाने फार तेल ओढलंय, तिथे नव्याने रंग लावणंच बरं. व्हार्निशची घाई नको, पातळ थरांनाही सहा महिने द्या.

आणि हे कृपा करून पाळा. तेल प्यालेले कागद आणि चिंध्या चुरगळून टोपलीत टाकू नका. तेल सुकताना उष्णता सोडतं, ढिगाच्या आत ती कोंडते आणि ढीग ठिणगीशिवाय पेट घेऊ शकतो. एकेक कागद उघड्यावर सपाट पसरून कडक होऊ द्या, नाहीतर झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवा. टर्पेंटाइन वापरताना खिडक्या उघड्या असू द्यात, आणि त्याऐवजी घरातलं रॉकेल नको, ते मागे तेलकट अंश सोडतं आणि थर नीट धरत नाही.

पुढचा प्रयत्न मोठ्या कॅनव्हासवर न करता गेसो दिलेल्या पुठ्ठ्याच्या वीतभर तुकड्यांवर करा. मागे रंग, तेलाचं प्रमाण आणि कागद किती वेळ ठेवला ते पेन्सिलीने लिहा. काही अडलं तर त्या नोंदींसकट इथेच विचारा, म्हणजे कुठे बिनसलं ते नेमकं सांगता येईल.