विळा फेकून लिंबाखाली बसू नकोस, अक्का

परवा सांजच्याला अक्काचा फोन आला. थोरली बहीण, सेलूकडे असते. सोयाबीनची काढणी चालू आणि वर परतीच्या पावसाचं आभाळ. मी म्हणालो, विजा होत असतील तर लवकर घरी येत जा. तर म्हणते, "आता काही भ्या नाही रे. गडगडायला लागलं की समद्या बाया इळे लांब फेकतो अन् लिंबाखाली जाऊन बसतो. खोडाला टेकत नाही. ते गोल्फवाल्याचं आलंय नं, त्यात सांगितलंय."

गोल्फवाल्याचं म्हणजे काय, ते मग मी भावकीच्या ग्रुपवर शोधलं. आठ दिवसांपासून तिथं पडलेलं होतं, मी उघडलंही नव्हतं. पाठवणारा भाचा, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. 'शेतकरी बांधवांनो, जीव वाचवा' असा मथळा, खाली एक व्हिडिओ, त्याखाली सात मुद्दे आणि शेवटी 'नासानेही मान्य केले'. मुद्दे थोडक्यात असे: गोल्फ खेळणारे विजेने मरतात कारण त्यांच्या हातात लोखंडी काठी असते, म्हणून आधी अंगाजवळचं लोखंड फेका. मग झाडाखाली थांबा, फक्त खोडाला टेकू नका. झाड नसेल तर जमिनीवर आडवे व्हा. मोबाईल बंद करा. रबरी चप्पल घाला. पायाळू माणसाला घराबाहेर पाठवू नका. आणि कुणावर वीज पडलीच तर अर्धा तास हात लावू नका, अंगात करंट असतो. गळ्यापर्यंत शेणात पुरा, शेण करंट ओढून घेतं.

माझं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. मी काही शास्त्रज्ञ नाही. पण करंट कुठून कुठं जातो हे पोटासाठी रोज बघावं लागतं, त्यामुळे हे वाचून डोकंच फिरलं.

आधी तो व्हिडिओ. तो खरा आहे. अमेरिकेत टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओला २०२१ साली काढलेला. एक पोरगा चेंडू मारतो आणि हवेत असलेल्या चेंडूवरच वीज कडाडते. आता गोल्फचा चेंडू कशाचा असतो? आत रबर, वर प्लास्टिक. लोखंडाचा कणही नाही. काठी खाली त्या पोराच्या हातात, पोरगा छताखाली, त्याला खरचटलंही नाही. म्हणजे ज्या व्हिडिओवर ही लोखंडाची सगळी गोष्ट उभी केली, त्यात लोखंड सुखरूप राहिलं आणि रबर सापडलं. पाठवण्याआधी एकदा नीट बघायचं तरी!

गोल्फच्या मैदानावर विजेचा धोका असतो, यात वाद नाही. १९७५ साली शिकागोजवळ वेस्टर्न ओपन स्पर्धेत ली ट्रेविनो आणि आणखी दोन नावाजलेले खेळाडू विजेने जखमी झाले. पण ट्रेविनो त्या वेळी काठी फिरवत नव्हता, खेळ थांबला म्हणून तळ्याकाठी आपल्या बॅगेला टेकून बसला होता. १९९१ साली मिनेसोटात हेझल्टाइनला अमेरिकन ओपन चालू असताना सहा जण विजेच्या तडाख्यात सापडले, त्यातला एक गेला. ते तर प्रेक्षक होते, पावसाचं झाडाखाली जाऊन थांबलेले.

आणि आकडेच हवे असतील तर अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेने ते मांडून ठेवलेत. २००६ ते २०१२ या सात वर्षांत तिथं विजेने २३८ माणसं गेली. मरताना कोण काय करत होतं, याचा त्यांनी हिशोब लावला. मासे धरणारे २६, तंबू ठोकून राहिलेले १५, होडीतले १४, फुटबॉल खेळणारे १२ आणि गोल्फ खेळणारे ८. फुटबॉलवाल्याच्या हातात कोणतं लोखंड असतं? त्यात तर चेंडूला हात लावला तरी फाउल. तरी ते गोल्फवाल्यांपेक्षा जास्त गेले.

वरून उतरणारी वीज खाली कुणाच्या हातात काय आहे ते बघत नाही. उघड्या रानात सगळ्यात उंच आणि सुटं काय उभं आहे, तिथं ती यायची शक्यता जास्त. गोल्फचं मैदान म्हणजे कातरलेलं गवत, मधे एखाद-दुसरं झाड आणि सपाटीवर उभा माणूस. आपलं सोयाबीनचं रान याहून वेगळं काय आहे? गुडघ्याएवढं पीक, त्यात वाकलेल्या बाया आणि बांधावर एक लिंब.

लोखंडाचं थोडं खरं आहे, नाही असं नाही. तारेचं कुंपण, पाण्याचा लोखंडी पाइप, मोटारीचा स्टार्टर यांना हात लावायचा नाही, कारण लांब कुठं पडलेली वीज त्यातून चालत तुमच्यापर्यंत येते. छत्री किंवा उसाचा कोयता उंच धरून चालायचं नाही, कारण तेवढी तुमची उंची वाढते. पण कमरेला खोचलेला विळा वीज बोलावून आणत नाही. तो फेकलात काय अन् ठेवलात काय. फेकायला हरकत नाही, उद्या शोधत बसाल एवढंच. माझं भांडण त्याच्या पुढच्या वाक्याशी आहे. विळा फेकला की भीती गेली असं वाटतं आणि बाया निवांत झाडाखाली जाऊन बसतात.

झाडाखाली म्हणजे नेमकं कुठं ते मी एकदा बघितलेलं आहे. दहाएक वर्षांपूर्वी मृगाच्या तोंडावर आमच्याच शिवारात लिंबावर वीज पडली. दुसऱ्या दिवशी मोटार काढायला गेलो तेव्हा बघितलं. शेंड्यापासून बुडापर्यंत हातभर रुंदीची साल सोलून निघालेली, आतलं पांढरं लाकूड उघडं, सालीच्या चिपा पार नांगरटीत फेकल्या गेलेल्या. आतल्या रसाची एका झटक्यात वाफ होते, ती साल फोडते. खाली चार शेळ्या पडल्या होत्या. एकीच्या तोंडात पाला तसाच होता. खोडाला एकही टेकलेली नव्हती. एक तर खोडापासून चांगली दहा-बारा पावलं लांब होती.

ती का मेली? झाडावर पडलेली वीज खोडातून खाली येताना मधेच बाजूला उडी मारते, जवळ उभ्या असलेल्याच्या अंगातून जाते. हा एक मार्ग. दुसरा मार्ग जमिनीतला. बुडाशी उतरलेला करंट चहूकडे पसरतो, जवळ जोर जास्त, लांब कमी. शेळीचे पुढचे पाय एका जोरावर, मागचे दुसऱ्या, मधल्या फरकाने करंट पुढच्या पायातून वर चढून छातीतून मागं उतरतो. शेतात तार तुटून पडली की आम्ही सांगतो ना, टांगा टाकत पळू नका, पाय जुळवून हळूहळू सरका? तेच गणित. विजेवर काम करणारे डॉक्टर सांगतात की थेट अंगावर वीज पडून मरणारे शंभरात तीन ते पाच. जमिनीतून येणाऱ्या करंटने निम्मे जातात. तेव्हा खोडाला टेकू नका, ही सूचना म्हणजे विहिरीत उडी मारा पण कपडे भिजू देऊ नका, अशातली आहे.

आडवे व्हा, हे याच कारणाने चूक. डोक्यापासून टाचेपर्यंत पाच-साडेपाच फूट जमिनीला चिकटवायची म्हणजे शेळीपेक्षाही वाईट. अगदीच अडकलात, कुठं जायला जागाच नाही, तर पाय जुळवून उकिडवं बसा. पण तो शेवटचा नाइलाज समजा.

रबरी चप्पल: कोसभर हवा फोडून आलेल्या विजेला तुमची पाऊण इंचाची स्लिपर अडवणार काय? मोटारगाडीत माणूस वाचतो तो टायरमुळे, असंही त्यात घातलंय. वाचतो तो पत्र्याच्या टपामुळे. करंट बाहेरच्या बाहेर पत्र्यावरून उतरतो. म्हणजे इथं लोखंडच वाचवतं, हे त्या शहाण्याच्या पहिल्या मुद्द्यात बसत नाही. काचा लावलेली जीप, एस.टी. चालेल. उघडा ट्रॅक्टर नाही.

पायाळू: मी स्वतः पायाळू आहे. लहानपणी गावात कुणाच्या पाठीत उसण भरली की लाथ मारायला मला बोलवायचे, गुळाचा खडा मिळायचा. पंचावन्न पावसाळे झाले, अजून आहे.

मोबाईल बंद करा, हे ऐकून तर हसावं का रडावं कळेना. चार्जिंगला लावलेला असेल तर हात लावू नका, बरोबर. खिशातला मोबाईल वीज ओढत नाही. उलट पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने बनवलेलं दामिनी नावाचं फुकटचं ॲप त्याच मोबाईलवर आसपास वीज पडतेय का ते दाखवतं. आणि १०८ ला फोन कशावरून लावणार?

कारण शेवटचा मुद्दा सगळ्यात वाईट आहे, आणि १०८ तिथंच लागतो. वीज पडलेल्या माणसाच्या अंगात करंट राहत नाही. एका सेकंदाच्या आत सगळं होऊन जातं. माणूस म्हणजे बॅटरी नव्हे. लगेच हात लावा, काही होत नाही. वीज बहुतेक वेळा हृदय थांबवून मारते. हृदय कधी कधी आपलं आपण परत चालू होतं, पण श्वास बंदच राहतो, आणि मग ते पुन्हा थांबतं. हालचाल नाही, श्वास नाही असं दिसलं की छातीच्या मधोमध तळहातावर तळहात ठेवून दोन इंच खोल दाबायचं, मिनिटाला १०० ते १२० वेळा, जमत असेल तर तोंडाने श्वास द्यायचा, गाडी येईपर्यंत थांबायचं नाही. श्वास बंद पडल्यावर मेंदूच्या हातात चार-पाच मिनिटं असतात. तिथं हे म्हणतात अर्धा तास लांब उभे राहा. आणि मग शेणात पुरा! ज्या छातीवर दाबायचं तीच शेणाखाली घालायची? छत्तीसगडमधून असं करून माणसं गेल्याच्या बातम्या आलेल्या आहेत. अमेरिकेतल्या नोंदींप्रमाणे विजेचा तडाखा बसलेल्या दहांतले नऊ वाचतात. आपल्याकडे एकट्या २०२२ मध्ये राष्ट्रीय गुन्हे नोंदणी ब्युरोच्या अहवालात विजेने २,८८७ मृत्यू आहेत. त्यातले किती जण अर्धा तास तसेच पडून होते, ते कुणी मोजलेलं नाही.

बाकी 'अर्धा तास' त्याने कुठं तरी वाचला असणार आणि भलत्या जागी चिकटवला. खरा अर्धा तास वेगळा आहे: शेवटचा गडगडाट ऐकल्यापासून तेवढा वेळ आसऱ्यातून बाहेर पडायचं नाही.

अक्काला हे सगळं फोनवर सांगितलं. गडगडाट ऐकू आला म्हणजे वीज तुझ्यापर्यंत पोचू शकते, पावसाच्या थेंबाची वाट बघू नको, तेव्हाच निघ. ती म्हणाली, "निघून जावं कुठं? घर दोन किलोमीटर. आखाड्यात बसावं का?" आखाडा म्हणजे चार खांबांवर पत्रे, तीन बाजूंनी उघडा. तोही नको. मग दाजींनी फोन घेतला. पांदीच्या तोंडाशी समाजमंदिर आहे, स्लॅबचं, दारं-खिडक्या असलेलं. काल ते पावलं मोजत गेले, तिकडच्या बांधापासून सव्वाचारशे भरली. दाराला कुलूप असतं आणि किल्ली गावात. ती काढणी होईस्तोवर आपल्याकडं मागून ठेवतो म्हणालेत.