सुभद्रेच्या झोपेवर फोडलेले खापर

माझी भाची सातव्या महिन्यात आहे आणि रोज मुलुंड ते करी रोड लोकलने जाऊन नोकरी करते. परवा रात्री तिच्याकडे गेले, तेव्हा ती कानाला हेडफोन लावून बसली होती. डोळे मिटू लागले की उठून तोंडावर पाणी मारायची आणि पुन्हा येऊन बसायची. कारण विचारले, तर तिने सासरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर आलेला संदेश दाखवला. कौशल्य गर्भातच ठरते, नंतरचा सराव म्हणजे केवळ पॉलिश. अभिमन्यू पोटात असताना चक्रव्यूह शिकला, पण ऐकता ऐकता सुभद्रेला झोप लागली, म्हणून बाहेर पडण्याची युक्ती राहून गेली आणि त्याचा जीव गेला. तेव्हा गर्भवतीने श्रवणाच्या वेळी झोपू नये. अर्जुनही जन्मजातच धनुर्धर होता, असा त्याचा मजकूर आहे. हाच संदेश मला आणखी तीन ठिकाणांहून आला आहे.

आधी झोपेचेच पाहू, कारण सर्वांत मोठा अन्याय तिथे आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने असंख्य हस्तलिखिते ताडून महाभारताची जी चिकित्सक आवृत्ती 1966 साली पूर्ण केली, तिच्यात सुभद्रेच्या झोपेची ही कथा नाही. ती नंतरच्या कथनांतून रूढ झाली. द्रोणपर्वात अभिमन्यू स्वतः युधिष्ठिराला सांगतो, ‘उपदिष्टो हि मे पित्रा’, म्हणजे व्यूह फोडण्याची रीत मला वडिलांनी शिकवली आहे, मात्र संकट आले तर बाहेर पडणे मला जमणार नाही. युधिष्ठिर त्याच प्रसंगी व्यूह फोडू शकणाऱ्यांत कृष्णाचा मुलगा प्रद्युम्न याचेही नाव घेतो, आणि तो तर सुभद्रेच्या पोटी जन्मलेला नाही. शिवाय अभिमन्यू मेला तो कशाने? जयद्रथाने बाकीच्या पांडवांना व्यूहाच्या तोंडाशीच अडवले, कर्णाने धनुष्य तोडले, अनेक महारथींनी मिळून एकट्या मुलाला घेरले आणि शेवटी दुःशासनाच्या मुलाने गदेचा घाव घातला. एवढ्या जाणत्या पुरुषांचा अधर्म डोळ्यांआड करून एका गर्भार बाईच्या डुलकीवर खापर फोडणे, आणि त्याच्या भीतीने आजच्या पोरीला रात्रभर जागवणे, हे मला अजिबात सहन होत नाही.

अभिमन्यूला विद्या आली कुठून, तेही महाभारतात आहे. आदिपर्वानुसार त्याने अर्जुनाकडून संपूर्ण धनुर्वेद घेतला, आणि पांडव वनवासात असताना द्वारकेत प्रद्युम्न त्याला शिकवत होता, असे वनपर्वात कृष्ण द्रौपदीला सांगतो. लहानपणापासूनच्या एवढ्या वर्षांच्या तालमीला पॉलिश कसे म्हणायचे?

अर्जुनाला दैवी जन्म होता, हे मान्य करते. पण एका रात्री जेवताना वाऱ्याने दिवा विझला, तरी सवयीने त्याचा हात नेमका तोंडाकडे गेला. त्यावरून अंधारातही नेम साधता येईल हे ओळखून तो रात्री सराव करू लागला. प्रत्यंचेचा आवाज ऐकून द्रोणाचार्य उठून आले आणि त्यांनी त्याला मिठी मारली. एकलव्याचे उदाहरण तर इतके स्पष्ट आहे की संदेशात त्याचे नावही नाही.

एक अर्धसत्य मात्र कबूल करावे लागेल. शेवटच्या महिन्यांत बाळाला आवाज ऐकू येतात. अमेरिकेतील डीकॅस्पर आणि स्पेन्स यांच्या 1986 च्या प्रयोगात, आईने गरोदरपणाच्या अखेरच्या आठवड्यांत रोज मोठ्याने वाचलेला उतारा नवजात बाळांनी नव्या उताऱ्यापेक्षा पसंत केला. ती ओळख आवाजाची आणि लयीची होती. अर्थ किंवा युद्धकौशल्य बाळ पोटात शिकते, असे त्यातून निघत नाही. शिवाय तिथे आई स्वतः वाचत होती. आईच्या कानातल्या हेडफोनमधला आवाज बाळापर्यंत पोहोचतच नाही.

द्रोणपर्वातला तो श्लोक मी भाचीला अर्थासह पाठवला आहे, आणि तिच्या सासूबाईंशी उद्या फोनवर बोलणार आहे. तिला रात्री नऊला झोप येत असेल, तर तिने नऊलाच झोपावे.