मेसेज वाचून सोडलेल्या तीन गोळ्या

घणसोलीला भाचीकडे गेले तर उशाशी मेटोप्रोलॉलची पट्टी. सोमवारपर्यंतच्या गोळ्या घेतलेल्या, पुढच्या तीन तशाच. पोरीला पाचवा महिना. लहानपणी टेट्रॉलॉजीचं, म्हणजे छिद्रासकट असलेल्या हृदयाच्या जन्मदोषाचं, ऑपरेशन झालेलं, अधूनमधून ठोके बिघडतात म्हणून ही गोळी. "मावशी, सासूबाईंनी मेसेज पाठवला ना!"

मेसेज असा: जन्मतः हृदयाला छिद्र असलेल्या बाईनं आई होऊ नये. दिवस गेलेच तर हृदयाच्या गोळ्या ताबडतोब बंद. बाळालाही छिद्र असतंच. सिझेरियनच होतं. अंगावर पाजू नये. खाली 'मोठ्या डॉक्टरांचा सल्ला'. कुठले डॉक्टर, पत्ता नाही.

आधी गोळ्यांचं, कारण जीव तिथेच जातो. गरोदरपणात अंगातलं रक्त 40-50 टक्क्यांनी वाढतं, हृदयाला जास्तीचं काम पडतं. त्यात ही गोळी एकदम सोडली की ठोके उसळतात. धातूची झडप बसवलेल्या बाईनं रक्त पातळ करणारं औषध असं परस्पर थांबवलं, तर झडपेवर गुठळी धरते. आई आणि बाळ दोघंही जाऊ शकतात. एनालाप्रिल ही बीपीची गोळी गरोदरपणात चालत नाही, रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनला पहिले तीन महिने जपावं लागतं, हे मान्य. पण ती औषधं डॉक्टर बदलून देतात. मेटोप्रोलॉलनं बाळाचं वजन थोडं कमी भरू शकतं, म्हणून तर सोनोग्राफीत वाढ बघतात.

'आई होऊ नये' यात अर्धं खरं आहे, नाइलाजानं कबूल करते. युरोपियन सोसायटी ऑफ कार्डिऑलॉजीच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांत धोक्याचे वर्ग पाडले होते. फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्यांतला दाब फार वाढलेला असेल, आयझेनमेंगर (छिद्रामुळे हा दाब वाढून रक्त उलटं वाहू लागतं ती अवस्था) असेल, तर गर्भधारणा टाळाच असं त्यात म्हटलं होतं. पण नीट बुजवलेलं साधं छिद्र सगळ्यात कमी धोक्याच्या वर्गात आहे, आणि ऑपरेशन झालेली टेट्रॉलॉजी त्याच्या पुढच्याच पायरीवर. सगळ्यांना एकाच दावणीला कशाला बांधता?

'बाळालाही असतंच'? एरवी शंभरात एखाद्या बाळाला हृदयाचा जन्मदोष असतो, आईला असेल तर साधारण तीन ते पाच बाळांना. मार्फानसारख्या काही आनुवंशिक आजारांत तो आजार बाळात येण्याची निम्मी शक्यता, ती गोष्ट वेगळी. सिझेरियनचं म्हणाल तर त्याच सूचनांत बहुतेकींसाठी पहिली पसंती नॉर्मल बाळंतपणालाच आहे. आणि अंगावर पाजणं वॉरफरिन चालू असतानाही चालतं.

तिच्या हार्टच्या डॉक्टरांना तिथूनच फोन लावला. त्याच रात्रीपासून गोळी परत सुरू. गुरुवारी बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी आहे, फीटल इको म्हणतात ती. सासूबाईंना सोबत नेतेय.