मधमाशीच्या अ‍ॅलर्जीचे शॉट आणि ग्रुपवर फिरणारा तो मेसेज

सध्या नागपूरच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. मधमाशी चावल्यावर ज्यांना भयंकर रिअ‍ॅक्शन येते त्यांना डॉक्टर जे अ‍ॅलर्जीचे शॉट (शरीराला डंखाची हळूहळू सवय व्हावी म्हणून टोचायची इंजेक्शनं) देतात ते माशीचंच विष असतं, नुसता कंपन्यांचा धंदा, त्यापेक्षा रोज चमचाभर मध खा नाहीतर अधूनमधून एक माशी मुद्दाम चावून घ्या, सवय होते, आणि घरात अ‍ॅविल ही अ‍ॅलर्जीची गोळी ठेवा, झालं. काहून पाठवता बे असं? उन्हाळ्यात पाण्याच्या टाकीखाली आग्यामोहोळ लटकलेलं असतं आपल्याकडे, कोणी खरंच करून पाहिलं तर?

विष असतं हे खरंच आहे, त्यात लपवाछपवी काही नाही. उलट गंमत अशी की पूर्वी कित्येक वर्षं अख्खा कीटक कुटून त्याचा अर्क टोचायचे, आणि १९७८ साली अमेरिकेत दिखाव्याचं बिनऔषधी इंजेक्शन, हा अर्क आणि शुद्ध विष, तिन्ही गोष्टी समोरासमोर तपासल्या, हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांसमोर पेशंटला खरा डंख देऊन. दिखाव्याचं इंजेक्शन घेतलेल्या १२ पैकी ७ जणांना रिअ‍ॅक्शन आली, कुटलेल्या अर्काच्या ११ पैकी ७ जणांना, आणि शुद्ध विषाचे शॉट घेतलेल्या १८ पैकी फक्त एकाला. म्हणजे काम करतं ते विषच, बाकीची माशी काही कामाची नाही.

मधाचं तर सोडूनच द्या. मध फुलांच्या रसाचा होतो, डंखातलं विष त्यात नसतंच, मग सवय कशाची होणार?

आता मुद्दाम चावून घेण्याचं, हा सगळ्यात डेंजर भाग. शॉटमध्ये सुरुवात एका डंखाच्या कितीतरी लहान हिश्श्यापासून होते, हळूहळू वाढवत १०० मायक्रोग्रॅमपर्यंत नेतात, म्हणजे साधारण दोन डंखांएवढं, मग महिन्याला एक असं ३ ते ५ वर्षं, आणि दरवेळी टोचल्यावर अर्धा तास दवाखान्यातच बसवतात कारण रिअ‍ॅक्शन शॉटनेही येऊ शकते. माशी काय मोजून टोचते का? स्पेनमधल्या एका ५५ वर्षांच्या बाईंची केस २०१८ मध्ये छापून आली, दोन वर्षं त्या उपचार म्हणून जिवंत माश्यांचे डंख घेत होत्या, काही त्रास नव्हता, आणि मग एका डंखाने गेल्या.

अ‍ॅविलने खाज कमी होते, पण घसा आवळायला लागला, बीपी पडलं तर ते पुरत नाही. तिथे मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत अ‍ॅड्रेनलिनचंच इंजेक्शन लागतं, मोठ्या माणसाला अर्धा मिलिग्रॅम, म्हणून गोळी खाऊन वाट पाहत बसू नका, मेडिकल, मेयो ही आपली सरकारी हॉस्पिटलं किंवा जे हॉस्पिटल जवळ असेल तिथली कॅज्युअल्टी गाठा.

मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट पण सांगतो, शॉट सगळ्यांसाठी नाहीत. नुसता हात कोपरापर्यंत सुजला तर सहसा गरज नसते. आणि आग्या माश्यांचा थवाच तुटून पडला, शेकडो डंख बसले, तर तिथे अ‍ॅलर्जी नसलेलाही विषाच्या मात्रेनेच जाऊ शकतो, त्यात शॉट वाचवणार नाही. पण एका डंखात श्वास अडकला किंवा चक्कर येऊन पडला असाल तर अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरला दाखवाच, अ‍ॅलर्जीची टेस्ट डंखानंतर साधारण ४ ते ६ आठवड्यांनी करतात, लगेच केली तर अ‍ॅलर्जी असूनही निगेटिव्ह येऊ शकते. आपल्याकडे हे विषाचे शॉट सहज मिळत नाहीत, तोवर अ‍ॅड्रेनलिन जवळ कसं ठेवायचं आणि घरातल्या कोणी ते कसं टोचायचं, हे त्याच भेटीत विचारून घ्या.